काकींची हिरवी पट्टी

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५
ड्यूटीवरून आल्यावर, दुपारी

प्रिय शिखा,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत, तुम्हीही सगळे खुशाल असाल. शाळेत पत्रलेखनाला आपण असंच लिहायचो आणि पाचपैकी चार गुण मिळवायचो. आज तेच पुन्हा लिहिते, कारण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. फोनवर तीनदा लिहून खोडलं. फोन लावला तर तू आधी रडशील, मग मी रडेन, आणि सांगायचं ते राहून जाईल. तुझ्यासारखं माझं अक्षर सुंदर नाही, तेवढं सोस.

बाबांचा गुडघा पुन्हा सुजलाय, तरी शेळ्यांमागं हिंडणं सोडत नाहीत. मेंढरं विकून बारा वर्षं झाली, पण घरात बसलं की आमच्या रायभानरावांना गुदमरतं म्हणे. आई त्यांना बोलते, ते ऐकत नाहीत, मग ती मला बोलते. जानेवारीत तू येणार म्हणून तिनं हुरड्याची कणसं राखून ठेवली होती. तू ज्या कारणानं आलीस त्यात हुरड्याचं कुणाला सुचणार? शेवटी आम्हीच खाल्ला.

काकींच्या बाराव्याला मी परतूरला तुमच्या घरी आले नाही. सुट्टी मिळाली नाही असं तुला कळवलं होतं. सुट्टी मिळाली होती, शिखा.

तुझा परवाचा मेसेज मी किती वेळा वाचला ते विचारू नकोस. रविवारी तुम्ही सगळे आमच्या दवाखान्यात येणार, काकींच्या नावानं दोन व्हीलचेअर खुर्च्या देणार, आणि घरातले थोरले म्हणून ताऊजी स्वतःच्या हातानं मला शाल-श्रीफळ देणार. खाली तू लिहिलंयस, "शेवटच्या वेळी मम्मीजवळ परकं कुणी नव्हतं, तू होतीस, एवढाच आधार आहे." त्या वाक्यापाशी मी दरवेळी अडकते. शाल मी घेऊ शकत नाही. का, ते सांगायला बसले आहे, पण माझं मलाच सगळं उमगलेलं नाही, म्हणून मागं-पुढं होईल. सांभाळून घे.

आधी आमचं काम सांगते. हायवेलगतचा दवाखाना, अपघात रोजचाच. एकदम तीन-चार माणसं आली की ओरडणाऱ्याकडे धावायचं नाही, हे ट्रेनिंगमध्ये आमच्याकडून घोकून घेतलंय. ओरडतो त्याचा श्वास चालू असतो. गप्प असेल त्याच्याकडे आधी जायचं. श्वासाची वाट मोकळी आहे का, श्वास कसा चाललाय, नाडी कशी आहे, रक्त कुठून जातंय, माणूस शुद्धीवर आहे का, आणि मग कपडे बाजूला करून डोक्यापासून पायापर्यंत बघायचं. याच क्रमानं. मधलं काही गाळायचं नाही. ते झालं की मनगटाला पट्टी बांधायची. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता, पिवळी म्हणजे थोडं थांबेल, हिरवी म्हणजे चालतो-बोलतो, नंतर बघू. नव्या मुलींना हे मीच शिकवते. एकीनं क्रम चुकवला म्हणून मी तिला सगळ्यांसमोर रडवलंय.

आता तेवीस जानेवारी. गुरुवार, सकाळचे साडेअकरा. तुमच्या नात्यातल्या आयुषीच्या सगाईला शेवगावला निघालेली तुमची गाडी वडीगोद्रीच्या पुढे उसाच्या ट्रॉलीवर आदळली, हे तुला ठाऊक आहे. ताऊजींचा मयंक चालवत होता, ताऊजी त्याच्या शेजारी, आणि काकी मागे मिठाईचा मोठा स्टीलचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या. लोकांनी तिघांना पिकअपमध्ये घालून आमच्याकडे आणलं. डॉक्टर एकटे, आमचे करण साहेब, कॉलेजातून बाहेर पडून वर्ष झालेले. सिस्टर मी एकटी. मदतीला बेबीनंदा मावशी, ज्या झाडू मारण्यापासून बाळंतपणापर्यंत सगळं करतात.

मयंकची मांडी मोडली होती, पँट रक्तानं भिजली होती. मला बघताच तो ओरडायला लागला, "वर्षादीदी, मरून राह्यलो मी! दीदी, इकडं ये ना!" ताऊजींच्या कपाळाला खरचटलं होतं. आणि काकी चालत आल्या. एक चप्पल पायात, एक हातात. चालत आल्या हे मी कागदावर लिहिलंय आणि ते खरं आहे. आल्या तेव्हा घुंगट हनुवटीपर्यंत ओढलेला होता, कारण ताऊजी, त्यांचे थोरले दीर, शेजारून चालत होते.

तुमचं घर आठव. आमची माणसं मेंढरांमागं आठ-आठ महिने बाहेर, मी मामाकडे परतूरला, आणि दुपारचं जेवण तुमच्याकडे. काकी मला वाढताना कधी विचारत नसत, ताट बघून वाढायच्या. पण अंगणात ताऊजींच्या चपला वाजल्या की घुंगट खाली यायचा आणि त्यांचा आवाज बंद व्हायचा. मग आपण दोघी त्यांचं तोंड. "ताऊजींना विचार, चहा घेणार का." "ताऊजींना सांग, गिरणीतून दळण आणायचंय." आणि ताऊजींसमोर सांगता येणार नाही असं काही असलं की त्या मागून आपला फ्रॉक दोनदा ओढायच्या. आत ये, काम आहे. एकदा तर तुझी परीक्षेतली लबाडी काकींना समजली होती आणि तू फ्रॉक ओढूनही जागची हलली नव्हतीस. आठवतंय का?

मी काकींपाशी गेले. आधी त्यांच्याचकडे गेले, क्रम पाळला. बाकावर बसवलं, विचारलं, "काकी, कुठं लागलंय?" घुंगट हलला. उत्तर ताऊजींनी दिलं, "तिला काही न्हाई झालं बेटा, बिलकुल बराबर हाय, आपल्या पायानं चालत आली. तू आधी मयंकला बघ, जल्दी." मी काकींकडे बघितलं. म्हणजे घुंगटाकडे बघितलं.

नाडी मोजली. कागदावर एकशे दहा आहे, अक्षर माझंच. एकशे तीस होती की काय असं आता वाटतं, पण ते नंतर वाटतंय की तेव्हाच वाटलं होतं, ते सांगता येत नाही. हात गार लागला. पण जानेवारी होता, आणि काकींचे हात थंडीत कायमच गार असायचे, वेणी घालताना आपण किंचाळायचो. अनोळखी बाईचा हात तसा गार लागला असता तर मी चमकले असते. गार हात, पळती नाडी, म्हणजे आत कुठेतरी रक्त जातंय, हे मी झोपेतही सांगेन. त्या क्षणी मला वाटलं, काकींचा हात आहे.

पुढचं काम चेहरा बघण्याचं. ओठ, डोळ्यांच्या आतली कड, मानेच्या शिरा. त्यासाठी घुंगट वर करायचा आणि ताऊजींना बाहेर पाठवायचं. नातेवाइकांना मी रोज बाहेर काढते, आमदाराच्या माणसालाही काढलंय. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "ताऊजी, तुम्ही बसा ना." आणि मी खुर्ची दिली. काकींच्या शेजारीच.

मग मी काकींच्या मनगटाला हिरवी पट्टी बांधली आणि मयंककडे गेले.

मयंकचं सगळं नीट झालं. पाय फळीला बांधला, रक्त थांबवलं, सलाईन लावलं. किती वेळ गेला? मला विचारशील तर दहा मिनिटं. करण साहेब म्हणतात पंचवीस. बेबीनंदा मावशी म्हणतात, "लई येळ न्हाई गेला ओ सिस्टर, तुम्ही उगं जिवाला लावून घेऊन राह्यल्या." भिंतीवरचं घड्याळ महिनाभर बंद आहे. शेवटी मावशीच म्हणाल्या, "सिस्टर, त्या मारवाडी बाई झोपल्या का बगा बरं. मान टाकल्यावानी दिसून राह्यल्या."

मी घुंगट वर केला. ताऊजींसमोर, त्यांना न विचारता. ओठ पांढरे, कपाळावर घामाचे थेंब, डोळे अर्धे उघडे. पदर बाजूला केला तर डाव्या बरगडीखाली डब्याच्या काठाचा सरळ वळ. आत प्लीहा फाटलेली होती, रक्त पोटात साठत होतं आणि बाहेर एक थेंब नव्हता. दोन्ही हातांना सलाईन लावलं, १०८ बोलावली, मी सोबत निघाले. जालना यायच्या आत काय झालं ते तुला मीच फोनवर सांगितलं.

आता माझा गोंधळ ऐक. करण साहेब म्हणतात, आपल्याकडे रक्त नाही, सर्जन नाही, आल्या-आल्या कळलं असतं तरी जालन्यालाच पाठवावं लागलं असतं, तासाभराचा रस्ता, कदाचित वाचल्या नसत्या. कदाचित. मी त्या एका शब्दावर रोज ड्यूटी करते. सकाळी वाटतं, नसत्याच वाचल्या. दुपारी जेवताना वाटतं, वाचल्या असत्या. कधी ताऊजींचा राग येतो, ते का बोलले मधे? पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यांनी तर जन्मभर काकींच्या वतीनं असंच उत्तर दिलं होतं आणि ते कधी चुकलं नव्हतं. कधी मयंकचा राग येतो, एवढा का ओरडला? मांडी मोडलेलं माणूस ओरडणारच ना! आणि ताऊजी भेटले की दोन्ही हात जोडतात, "बेटा, तू होतीस म्हणून पोराचा पाय वाचला." चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मला आता कळतं. ते हात जोडतात आणि मला वाटतं, यांना सगळं ठाऊक आहे.

नुसतं चुकलं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं, शिखा. खरंच नसतं लिहिलं. चुका होतात, आम्ही त्या पोटात घालून पुन्हा कामाला लागतो.

पण मागच्या आठवड्यात वरच्या ऑफिसनं आमच्याकडे या मृत्यूचा अहवाल मागितला. करण साहेबांनी लिहिला, खाली माझी सही आहे. त्यात एक वाक्य आहे, "तपासणीच्या वेळी रुग्णाने कोणतीही तक्रार केली नाही." सही करण्याआधी मी ते वाचलं होतं. तरी केली.

ते वाक्य खोटं आहे.

हिरवी पट्टी बांधून मी वळले, तेव्हा काकींनी मागून माझा एप्रन ओढला. दोनदा.

बाकी सगळं मला उलटसुलट आठवतं, मिनिटं, आकडे, कोण कधी काय बोललं. एवढं एकच मला नीट आठवतं. कमरेपाशी, डाव्या बाजूला, दोनदा. पंचवीस वर्षांत त्यांनी मला तसं ओढलं नव्हतं, आणि मला तेव्हाच्या तेव्हा कळलं होतं. दवाखान्यात कुणालाही कळलं नसतं, डॉक्टरांनाही नाही, ताऊजींना तर नाहीच. ती खूण तुला, मला आणि काकींना, तिघींनाच ठाऊक. त्या मला सांगत होत्या, आत ये, काम आहे. मी मान वळवून म्हणाले, "आले हं काकी," आणि गेले.

आज सकाळी मी करण साहेबांना लेखी दिलंय की ते वाक्य चूक आहे आणि रुग्णानं तक्रार केली होती. त्यांनी तो वाचला. म्हणाले, "सिस्टर, एप्रन ओढला हे वर कुणाला कळणार?" मी म्हटलं, एका माणसाला कळेल. त्यांनी कागद ठेवून घेतला. पुढे माझं काय होईल ते मला माहीत नाही, आणि आज त्याची भीतीही वाटत नाही. भीती रविवारची वाटते.

खुर्च्या द्या, लोकांना लागतात. शाल आणू नका. ताऊजींना हे कसं सांगायचं, सांगायचं की नाही, ते तू ठरव, आजवर त्यांना निरोप तूच नीट द्यायचीस. माझ्याशी बोलायचं की नाही तेही तूच ठरव. मी रविवारी ड्यूटीवर आहे, लपणार नाही. काकींचा गार हात, त्यांचं ताटात बघून वाढणं, सगळं आठवतं गं, आणि मला त्यांची माफी मागायची आहे. ती आता तुझ्याकडेच मागता येते.

तू लिहिलंस, मम्मीजवळ परकं कुणी नव्हतं. परकी कुणी असती तर तिनं ताऊजींना बाहेर काढलं असतं आणि घुंगट वर केला असता.

त्या दिवशी परकी व्हायला न जमलेली,
तुझी
वर्षा