पान्हा

१२ नोव्हेंबर १९७२, नगर
पुणतांब्याला गाडीत खिडकीशी जागा मिळाली. चितळी, बेलापूर, राहुरी, विळद, सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचत आले. शेजारची बाई म्हणाली, "मास्तरीन हायेस का गं?" मला हसू आलं. ह्यांच्या जुन्या अंकलिपीवरून घरच्या घरी शिकले, एवढंच. पुष्कळ दिवसांनी हसले.

आप्पासाहेबांचं घर मोठं आहे, मागे म्हशींचा गोठा. नळाला पाणी येतं. या दुष्काळात केवढं सुख! त्यांची बायको बाळंतपणात गेली. तान्ह्या मुलीला वरचं दूध पचत नाही, म्हणून मला आणलं. आमचे हे श्रावणात विहिरीतल्या सुरुंगात गेले आणि दिवाळीच्या तोंडावर माझा तान्हा गोरख तापानं गेला. दूध मात्र अजून येतं. ते कुणाच्या तरी पोटात जावं म्हणून आले. मुलीनं लगेच तोंडात धरलं. बरं वाटलं.

१४ नोव्हेंबर
जेवणाचं अवघड आहे. मटण, अंडी मी कधीच खाल्ली नाहीत. आता दूध, दही, ताक, तूपही सोडलंय. गोरख गेला त्या सकाळी गोठ्यात वासरू गायीला लुचत होतं. तेव्हापासून दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडचं माझ्या घशाखाली उतरत नाही.

इथं भाकरीवर लोणी, भाजीवर तूप, चहात साय. आप्पासाहेबांच्या आई, रतनबाई, कपाळाला हात लावून म्हणाल्या, "गोठेवाल्याच्या घरात कोरा च्या! लोक म्हनतील, म्हातारी लई चिक्कू हाय." मी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि शेपूची भाजी मागितली. हसत वाढली. अळिवाची खीर दुधातली होती, ती परत केली. तेव्हा हसल्या नाहीत.

१९ नोव्हेंबर
सकाळी गोठ्यात गेले. एका म्हशीचं रेडकू मेलंय. कारभारी नावाचा गडी आहे, त्यानं त्याचं कातडं खारवून, पेंढा भरून शिवून ठेवलंय. डोळ्यांच्या जागी भोकं. ते पुढ्यात ठेवलं की म्हैस चाटते आणि पान्हा सोडते. तिला कळत नाही का, मी विचारलं. कारभारी म्हणाला, "कळतं की. पर वास त्येचाच हाय न्हवं? दुसऱ्याचं कातडं ठिवलं तर लाथ घालती."

२५ नोव्हेंबर
दूध कमी झालंय. मुलगी ओढते, रडते, वाळत चाललीय. रतनबाई पेला घेऊन पुढ्यात बसल्या. "तुजं सोवळं आन् माज्या नातीचा जीव!" मुलीसाठी डोळे मिटून घोट घेतला. उलटून पडला. आप्पासाहेब दारात उभे होते. गोठ्यात कासेकडे बघतात तसे माझ्याकडे बघत होते.

२७ नोव्हेंबर
रतनबाईंनी आज डोक्याला तेल लावून दिलं. फार दिवसांनी कुणी मायेनं हात लावला. गोरखचं विचारत होत्या. कुठं पुरलंस गं लेकराला, म्हणाल्या. मी सांगितलं, नदीकाठी बाभळीखाली, मिठात ठेवलाय, वर दगड आहे. "कोल्ही उकरत्यात बाई," म्हणाल्या. मी रडले. त्याही रडल्या.

२८ नोव्हेंबर
कारभारी दिसत नाही. पुणतांब्याकडे वैरण आणायला गेला म्हणे. तिथं कुठली वैरण? तिथली जनावरंच बाजारात गेली.

३० नोव्हेंबर
कारभारी आला. वैरण नाही. माझ्याकडे बघत नाही. मागच्या खोलीला कडी घातलीय. आतून खारट वास येतो. रतनबाईंना विचारलं. "तुज्याच भल्याचं हाय, मनकर्णे," म्हणाल्या.

गावी जाते म्हटलं. आप्पासाहेब म्हणाले, पोरगी अंगावर पितेय तोवर नाही. दाराला बाहेरून —

२ डिसेंबर
दुपारी रतनबाईंनी मांडीवर आणून ठेवलं. कुंची घातलेलं. हलकं. आत पेंढा करकरतो.

मी ओरडले. फेकून देणार होते. हात उचलेनात —

वास त्याचाच.

३ डिसेंबर
तोंडावर फडकं आहे. काढायचं नाही. मी बघत नाही. बघायचं नाही —

चोळी भिजली. थांबत नाही. रतनबाई देवापुढे साखर ठेवायला गेल्या.

४ डिसेंबर
मुलगी रडतेय. केव्हाची. रतनबाई ओरडतायत, घे तिला, घे — मी म्हटलं, थांब गं बाळा, जरा थांब, आधी याला —