मरणाला वन्समोर

१२ ऑक्टोबर १९७८, करडी

तिसरा अंक अडला आहे. सून तळ्यात जाते, तिथले पद लिहितो आणि फाडतो. माझी बहीण रंभा तळ्यात गेली तेव्हा सासरचे म्हणाले, "पाय घसरला." आता आमच्या घरातही तेच म्हणतात. मी तरी कुठे दुसरे काही बोललो? जाऊ दे. पद नकोच. तिथे नाच ठेवतो — नुसती पेटी, तबला आणि सुनेचे काम करणारा तेजराम.

२० ऑक्टोबर

तालीम. दिवसभर धान कापून आलेला तेजराम लुगडे नेसला की बाईच! घागर खाली ठेवली, एकदा मागे वळून पाहिले, पुढे गेला, पडला. तबलजी चिंधू डोळे पुसत होता. मी मात्र पेटीवर सूर कुठे चुकला तेच बघत बसलो. कसला भाऊ मी!

५ नोव्हेंबर

काल मंडईच्या जत्रेत खेळ झाला. तेजराम पडला आणि मांडवातून आरोळी — वन्समोर! शिट्ट्या! तो उठला, पदर सावरला, पुन्हा नाचला, पुन्हा मेला. आणि पेटी कोण वाजवत होते? मीच.

सकाळी मंडळाच्या कृष्णरावांशी भांडलो. गाण्याला वन्समोर घ्या, मरणाला कसला? म्हणाले, "मास्तर, नाच नसन तं नाटक पाहाले कोन येते? लोकं खुश होऊन राहिले, तुमाले काहून दुखते?"

काहून दुखते! लोकांच्या आग्रहाने आज पुन्हा तोच खेळ. ओरडू दे. पेटी बंद करून उठणार.

६ नोव्हेंबर, सकाळी

उठलो! आरोळी आली तशी पेटी मिटली आणि विंगेत जाऊन बसलो. लोक ओरडत राहिले. तेजराम बिचारा पडूनच होता, शेवटी पडदा पाडावा लागला. कृष्णराव माझ्याकडे बघायलाही तयार नाहीत. नसू देत. बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

६ नोव्हेंबर, संध्याकाळी

रंभा गेल्यापासून माय कधी नाटकाला फिरकली नाही. पण दोन्ही दिवस मागे बायकांत बसली होती म्हणे. मला पत्ताच नाही! आता चहा देताना म्हणाली,

"काल पेटी काहून बंद केली तू? परवा लोकं ओरडले तं उठली होती ना माही रंभी."