तिसऱ्या रांगेची धास्ती

आल्डरटन, विस्कॉन्सिन
५ फेब्रुवारी १९९७

चि. मारित हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. मी खुशाल आहे, पण रागात आहे, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घे.

प्रांतातल्या लहान वाद्यवृंदांमध्ये नवं, धाडसी संगीत कोण वाजवतं हे ठरवून बक्षीस देणाऱ्या समितीत माझी भाची आहे, हे मी इथं चीज कारखान्याच्या कचेरीपासून चर्चच्या तळघरापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. काल तालमीत तुमचा अहवाल आला. शाळेच्या व्यायामशाळेत, कॉफीच्या सुट्टीत, आमच्या अध्यक्षांनी (तेच ते, दातांचे डॉक्टर) तो मोठ्यानं वाचला. आम्ही म्हणे चौदावे. चौदांपैकी! आणि खाली एक ओळ: ‘हा वाद्यवृंद आपल्या श्रोत्यांना भितो.’

छत्तीस वर्षं मी इथं व्हिओला, ती व्हायोलिनची थोरली बहीण, वाजवते आहे. आमचे संचालक केर्नसाहेब खाली मान घालून बसले. सत्तरीचा माणूस गं! ही ओळ कोणी लिहिली, तेवढं मला कळव.

लोभ आहेच, आज जरा आटला आहे इतकंच.
तुझी थोराआत्या

मिलवॉकी
१० फेब्रुवारी १९९७

ति. थोराआत्यास,
सा. न. वि. वि. ती ओळ मी लिहिली.

आत्या, देवाशपथ, मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे पाच वर्षांचे छापील कार्यक्रम येतात तेच मुळी गावाचं आणि माणसांचं नाव खोडून. तुमच्या गठ्ठ्यावर नुसता एक आकडा होता. पाच वर्षांत एकही हयात संगीतकार नाही! सगळे शंभर वर्षांपूर्वी वारलेले, त्यातही दोघेतिघे आलटून पालटून. मी दुसरं काय लिहिणार होते? तुला वाईट वाटलं याचं मला फार वाईट वाटतं. पण कागद पाहिला तर ओळ खोटी नाही, हेही तुझ्याच भाचीला शोभेल असं स्पष्ट सांगते. लहानपणी चुकीचा सूर लागला की तू माझ्या बोटांवर पेन्सिल मारायचीस, आठवतं ना?

बाबांचा गुडघा बरा आहे. राग निवला की लिही.
तुझी मारित

आल्डरटन
१५ फेब्रुवारी १९९७

चि. मारित हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. खरं बोललीस, म्हणून अर्धा राग गेला. उरलेला अर्धा ऐक.

छापील कार्यक्रमात नसतं तेच आम्ही वाजवतो. दर मैफलीत, मध्यंतरानंतर, केर्नसाहेब श्रोत्यांकडे वळतात, रचनेचं आणि संगीतकाराचं नाव सांगतात आणि म्हणतात, एक छोटंसं काहीतरी ऐका. ते छोटंसं कधीकधी पंचवीस मिनिटांचं असतं! शाई न वाळलेलं, कुणीही कधी न ऐकलेलं. त्याच्यापायी आमच्या मंगळवारच्या निम्म्या तालमी जातात.

मग छापत का नाही, असं विचारशील. १९७९च्या मार्चमध्ये छापलं होतं. गुडरून हाल्वर्सन नेहमीसारखी मुलं-सुना घेऊन तिसऱ्या रांगेत बसली होती. सभागृहाचं सगळं लाकूड तिच्या नवऱ्यानं दिलेलं. नवी रचना सुरू होऊन चार मिनिटं झाली नसतील, तोच बाई उठली आणि तिच्यामागून अख्खी रांग उठून चालती झाली. माझा गज थरथरला होता, खोटं कशाला सांगू! तेव्हापासून छापणं बंद. न छापल्यावर बाई कधी उठली नाही, म्हणून आम्ही तेच धरून बसलो.

आता अध्यक्ष म्हणतात, कुठं मोजलंच जात नाही तर त्या ‘छोटंसं काहीतरी’चा खटाटोप हवा कशाला? सिनेमातली गाणी वाजवू. २० मार्चला मतदान आहे. आमच्या हातून झालेलं एकुलतं एक धाडस पुसून जाईल बघ.

ओळ लिहिणारीनं काहीतरी सुचवावं, ही अपेक्षा.
थोराआत्या

मिलवॉकी
२० फेब्रुवारी १९९७

ति. थोराआत्यास,
सा. न. वि. वि. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तीनदा मलाच चापट मारावीशी वाटली. लहानपणीच आल्डरटन सुटलं, त्यामुळे मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पण तू तरी एका पत्रात लिहायचंस की नाही!

तुम्ही माझी माणसं निघालात, तेव्हा तुमचा निर्णय आता मी करू शकत नाही. समितीतल्या बाकीच्या दोघांना मी विचारलं. ते म्हणाले, कार्यक्रमपत्रिकेवर दिसेल तेच धरू, आठवणी धरणार नाही. त्या-त्या संध्याकाळी कुणी काही लिहून ठेवलंय का? केर्नसाहेबांनी, वादकांनी, कुणीही? आणि एक विचारू का? हाल्वर्सनबाईंना, तुम्ही का उठलात, असं अठरा वर्षांत कुणी विचारलं होतं का?

वाट पाहते.
मारित

आल्डरटन
२२ मार्च १९९७

चि. मारित हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. बस आधी. उभ्यानं वाचू नकोस.

कुणीही विचारलं नव्हतं. तुला ठाऊकच आहे, आम्ही इथली माणसं घराला आग लागली तरी शेजाऱ्याला आधी हवापाण्याचं विचारू. पण तुझा प्रश्न डोक्यातून जाईना. रविवारी चर्चच्या तळघरात धीर करून तिच्याजवळ गेले. कप खाली ठेवला. विचारलं.

बाई म्हणाली, गाय अडली होती. दारातून शेजाऱ्यानं खूण केली, वासरू आडवं आलं होतं, ओढायला सगळ्यांचे हात हवे होते, म्हणून सगळ्यांना उठवलं. ती रचना पुरी ऐकायला मिळाली नाही याची चुटपुट तिला अजून आहे. अगं, अठरा वर्षं! एका गाईपायी आम्ही अठरा वर्षं चोरासारखं वाजवत आलो!

एवढ्यावर थांबली नाही. मला घरी नेलं आणि बुटांचा एक खोका पुढ्यात ठेवला. आत आमच्या कार्यक्रमपत्रिका, एकाहत्तर! दर वर्षी चार मैफली, एकच हिमवादळानं बुडालेली. प्रत्येकीच्या तळाशी पेन्सिलीनं त्या न छापलेल्या रचनेचं नाव, संगीतकाराचं नाव आणि तिचं मत. ‘कळलं नाही, पुन्हा ऐकायला हवं.’ ‘मधला भाग सुरेख.’ एके ठिकाणी, ‘आज व्हिओला फार छान.’ मारित, तिथं मी रडले.

मतदानाच्या दिवशी बाई स्वतः खोका घेऊन आली. अध्यक्षांनी चार पत्रिका वाचल्या, चष्मा पुसला आणि आपला ठराव मागं घेतला. केर्नसाहेब उभे राहून म्हणाले, यापुढे सगळं छापायचं. एकही हात खाली राहिला नाही.

आता माझं एक ऐक. समितीला खोका दाखव, आकडा बदलला तर बदलू दे. पण ती ओळ खोडायला लावू नकोस. आम्ही भीतच होतो. धाडस आमच्या हातांत होतं, छापायची मात्र हिंमत नव्हती. आणि ज्यांना भ्यायलो ते आमच्यापेक्षा धीट निघाले.

ऑक्टोबरात पहिली मैफल आहे. आली नाहीस तर नातं संपलं.
तुझी थोराआत्या

मिलवॉकी
१३ ऑक्टोबर १९९७

ति. थोराआत्यास,
सा. न. वि. वि. सुखरूप पोचले. तू दिलेल्या बटाट्याच्या पोळ्या बाबांनी दारातच संपवल्या.

आकड्याचं आधी सांगते. बाकीच्या दोघांनी खोका पुरा पाहिला. चौदाचे तुम्ही तिसरे झालात. ओळ तुझ्या हट्टापायी तशीच ठेवली आहे, पण त्यांनी तिच्याखाली आणखी एक जोडली: ‘श्रोते मात्र याला कधीच भ्यायले नाहीत.’ बक्षीस दुसऱ्या कुणाला गेलं. मला काडीचंही वाईट वाटलं नाही. शनिवारी मी तिथं बसले होते, आत्या. ती नवी रचना तुम्ही मध्यंतराच्या आधी, पहिलीच वाजवलीत, आणि तुझा गज जराही थरथरला नाही. माझी आत्या, माझी आत्या, असं शेजारच्यांना सांगावंसं वाटत होतं. सांगितलंही.

हाल्वर्सनबाईंनी मला तिसऱ्या रांगेत आपल्याजवळ बसवलं होतं. दिवे मंदावण्याआधी त्यांनी पत्रिका उघडली, नाव छापलेलं पाहिलं, बोट फिरवून दोनदा वाचलं. तरीही पर्समधून पेन्सिल काढून तळाशी काहीतरी लिहिलं. आता लिहायला काय उरलं, म्हणून मी विचारलं. त्यांनी पत्रिका माझ्याच हातात दिली आणि तुला पाठवायला सांगितलं. सोबत जोडली आहे.

लिहिलंय, ‘एकदाचं छापलं!’

असाच जीव लावत राहा, आणि ओरडतही राहा.
तुझी मारित