चौथ्या गटातला शंख

३ फेब्रुवारी
पोचले एकदाची! प्रयोगशाळेच्या वरच्याच मजल्यावर खोली, खिडकीत समुद्र, आणि काम आवडीचं: विषारी शंकूशंखांची, म्हणजे समुद्री गोगलगायींची, वर्गवारी. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात, हिच्या तर पोटात भाला! भाल्यासारख्या त्या पोकळ, विषारी दातावरून नि खाण्यावरून गट पडतात: मासे खाणाऱ्या, गोगलगायीच खाणाऱ्या, किडे खाणाऱ्या. विभागप्रमुख बाई बोलायला कडक, पण चहा स्वतः आणून देतात. त्यांचे यजमान निवृत्त. दिवसभर खाऱ्या पाण्याच्या हौदापाशी खुर्ची टाकून बसतात. इथं बसलं की बरं वाटतं, म्हणाले.

७ फेब्रुवारी
हौदातला मोठा शंख कुठल्याच गटात बसेना. त्याचा गळलेला दात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. असला दात एकाही पुस्तकात नाही. मासा दिला, तोंड लावलं नाही. गोगलगायी, किडे, तीच गत. तरी स्वारी वाढतेच आहे. हा खातो तरी काय, असं बाईंना विचारलं. तेच शोधायला तुला बोलावलंय, म्हणाल्या.

१२ फेब्रुवारी
यजमान फार वाळलेत. सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. चेहरा मात्र तृप्त. काही मासेखाऊ शंख पाण्यात इन्शुलिन सोडतात; माशाची साखर उतरते, तो पेंगतो, पळायचंच विसरतो. इथं तर हौदाच्या पंपाचे तुषार थेट खुर्चीवर उडतात. पंप बंद करू या, असं बाईंना सुचवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.
"किती वर्षं दुखण्यानं रात्रंदिवस विव्हळायचे गं ते. आता विव्हळत नाहीत."


१५ फेब्रुवारी
खुर्ची रिकामी. ते आत गेले, म्हणतात बाई. आतल्या खोल्या पाहिल्या. कुणी नाही. शंख आज केवढा— नको. दादाला फोन केला. मला न्यायला ये म्हटलं. कारण विचारलं नाही त्यानं. निघालोच, म्हणाला.

१६ फेब्रुवारी
दादा आला. मी बॅग आणायला वर गेले, तेवढ्यात तो त्या खुर्चीत बसला. गुडघ्याची जुनी ठणक थांबली म्हणे. दंडाला धरून ओढलं.
"बस गं जरा. गाडीला वेळ आहे."
पंप बंद केला. बाईंनी परत लावला. रागावल्या नाहीत. माझ्या केसांवरून हात फिरवला नुसता. रडत होत्या. गाडी— गेली असेल.

१७
दादा खुर्चीत नाही. चपला हौदाच्या कडेला— हाक मारली. मारली ना? पाण्यातून हसल्यासारखं— त्याचंच हसू. मला भीती वाटत नाहीये, याचीच भीती— या खुर्चीतून उठून बघायला हवं. बघतेच. जरा बसते, मग