आधी विकलेला शेअर

सर, तुम्हाला जाऊन सतरा-अठरा वर्षं झाली. जामखेडला तुमचा टायपिंगचा वर्ग होता तिथं आता चष्म्याचं दुकान आहे. रस्त्याच्या अलीकडे माझा कॉम्प्युटर क्लास अजून आहे, म्हणजे पाटी आहे. पोरं येत नाहीत. अर्ज असो, बायोडाटा असो, फोनला सांगितलं की फोनच लिहून देतो. दुपारचा मी पंखा लावून बसतो आणि मोबाईलवर शेअर बाजार बघतो.

मुलगी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मागच्या महिन्यात दोन दिवस आली, तेव्हा त्यावरूनच आमचं वाजलं. ती चहा टाकत होती, मी ओट्याशी उभा. माझं म्हणणं, या इंटरनेटच्या कंपन्यांचे भाव नुसते फुगलेत, शॉर्ट करायला पाहिजेत. म्हणजे जवळ नसलेला शेअर आधी विकायचा, भाव पडला की स्वस्तात परत घ्यायचा, मधला फरक आपला. ती म्हणाली, "पप्पा, त्यापेक्षा थोडे थोडे घेऊन ठेवा ना. आणि दहा वर्षं बघू नका तिकडं." मी म्हणालो, "दहा वर्षं? ही हवा हाय. उतरंल." बोलून गेल्यावर कळलं, हे वाक्य माझं नाही, तुमचं आहे. तिनं गॅस बारीक केला. "तुम्हाला ते पडायलाच पाहिजेत. तुम्ही विचार नाही करत पप्पा, राग काढताय."

तेव्हापासून तुमचा वर्ग सारखा डोळ्यांसमोर येतो. दहा-बारा मशीन एकदम चालू आहेत, खिडकीच्या काचा थरथरतायत. मी बोटांकडं बघतो म्हणून तुम्ही खांद्यावरचा पंचा माझ्या हातांवर टाकता. "बोटास्नी म्हाईत हाय कुटं जायचं. तू नगं बघू." चाळीसच्या स्पीडची परीक्षा तुमच्यामुळं पास झालो, आणि तीनच वर्षांत तुमच्या बरोबर समोरचा गाळा घेऊन पाच कॉम्प्युटर लावले. तुम्हाला विचारलं नव्हतं. तरी उद्घाटनाला तुम्ही आलात, इस्त्रीचा सदरा घालून, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. तुमच्या घरी बाईंनी रेक्झिनचं कव्हर शिवलं होतं, टाईपरायटरला असतं तसं, पण मॉनिटरच्या मापाचं. माप कधी घेतलं कोण जाणे. तुम्ही ते स्वतः घालून बघितलंत, कोपरे सारखे केलेत आणि म्हणालात, "चांगलं केलंस. पर खरं सांगू का, ही हवा हाय. दोन-चार वर्षांत उतरंल." उतरली नाही. तुमची मशीनं टेम्पोत घालून भंगारात गेली त्या दिवशी मी हात लावायलाही आलो नाही. माझी बॅच चालू होती.

मुलगी गेल्यावर आठवडाभरानं मी केलंच ते. सकाळी बाजार उघडल्या उघडल्या एका इंटरनेट कंपनीचे शेअर विकले. आमच्यासारख्याला हे एका दिवसापुरतंच जमतं, बाजार बंद व्हायच्या आत परत घ्यावे लागतात. तिची कंपनी मुद्दाम सोडली होती. पण त्या दिवशी त्या धंद्यातलं सगळंच कोसळलं. रिकाम्या क्लासमध्ये मी एकट्यानं टेबलावर थाप मारली. अडीचच्या सुमारास तिचा फोन आला. "पप्पा, आमच्या टीममधल्या सहा जणांना आज काढलं. मी राहिले." आवाज कोरडा. शेजारी बसणारी तिची मैत्रीण त्या सहांत होती. मग म्हणाली, "तुम्ही काय करताय?"

"काही नाही," मी म्हणालो. "बसलोय."

फोन ठेवला आणि शेअर परत घेतले. फायदा झाला होता. माझं म्हणणं खरं ठरलं होतं सर, आणि ते कुणाला सांगावंसं वाटेना. तिला तर नाहीच.

रविवारी ती येणार आहे. घ्यायचे का विकायचे, हा विषय मी आता काढणार नाही. दमलोय. हे पत्र तरी कुठं टाकणार? बाई गेल्या, घर दुसऱ्यांनी घेतलं. एकच सांगायचं राहिलं होतं. तुमच्या वर्गाचं शटर पहिल्यांदा भर दुपारी ओढलेलं दिसलं, तेव्हा पोरांसमोर मी पुष्कळ हळहळलो. मनातून मला बरं वाटलं होतं.