बघायची वाट, करायची वाट

म्हैसूर,
बुधवार

तीर्थस्वरूप लोकम्माअक्कांच्या पायांशी तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा तिम्मप्पा याचा साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? तीर्थहळ्ळीत यंदा सुपारी सोलायला माणसं मिळाली का? माझं ठीक. हुळी, म्हणजे आपली आमटी, अजून दोघांपुरतीच होते, उरलेली संध्याकाळी संपवतो.

वनजाक्षी जाऊन दोन महिने झाले. ती आणि मी दोघंही टेलिफोन खात्यातली, म्हणून आमच्या निवृत्तांच्या मंडळाने तिचं नाव संकेतस्थळावरच्या दिवंगत सभासदांच्या यादीत घालायला मलाच सांगितलं. येत्या रविवारी शोकसभेत ती यादी वाचायची आहे. (संकेतस्थळ माझंच. खांबावर चढून तारा जोडणारा माणूस साठीनंतर जुनी पुस्तकं आणून आपलं आपण जावा ही संगणकाची भाषा शिकला, याचं मंडळाला फार कौतुक. गेल्या आठवड्यापासून जरा कमी.)

अक्का, तुम्हाला कळेल असं सांगतो. जावात संकेतस्थळाचं पान दोन तऱ्हांनी बांधता येतं. सर्व्हलेट म्हणजे स्वतःचं घर. गल्ली आपली, दार आपलं. चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला की पाहुणा बरोबर पोचतो. पोर्टलेट म्हणजे दुसऱ्याच्या मोठ्या घरातलं भाडेकरूचं बिऱ्हाड. तिथे पत्ता आपल्या हाताने लिहायचा नाही, घरमालकाकडून वाट मागून घ्यायची. आमची यादी अशाच बिऱ्हाडात. मी जुन्या खोडीने पत्ता हातानेच लिहिला, तर दुवा दाबणारा माणूस सगळं घर मागे टाकून भलत्याच उघड्याबोडक्या पानावर जाऊन पडायला लागला. मग मुकाट्याने मालकाला विचारलं. मालकाकडे वाटा दोन: एक नुसती बघायची, दुसरी काहीतरी करायची. यादी पाहायला पहिली, यादीत नाव घालायला दुसरी. मी वनजाक्षीचं नाव घातलं, डोळे पुसले, आणि ‘यादी पाहा’ या दुव्यालाही दुसरीच वाट देऊन बसलो. झालं असं की जो यादी बघायला गेला तो स्वतःच यादीत गेला. दुपारपर्यंत वनजाक्षीच्या सोबतीला एकेचाळीस जण!

पहिला फोन चिटणीस पुट्टस्वामीचा. “तिम्मण्णा, सकाळी कॉफी प्यायलो तेव्हा होतो रे मी! गेलो कधी?” मागून त्याची बायको जयम्मा ओरडत होती, “त्यांना म्हणावं, नाचणीचे मुद्दे किती करू? मेलेला माणूस तीन-तीन खातो का?” मी माफी मागायला लागलो, तर पुट्टस्वामी आवाज खाली आणून म्हणाला, “असू दे रे. वनजाक्षक्कांच्या नावाखाली नाव लागलं. एवढा मान जिवंतपणी कुणी दिला नव्हता मला.” मग दोघं नुसते फोन कानाला लावून बसलो. (पूर्वी ट्रंक कॉलवर असं कुणी गप्प झालं की एक्सचेंजमधून तीच मध्ये यायची, “बोलताय ना?” म्हणून.)

असो. दुवा दुरुस्त केला आहे. एकेकाला माघारी आणण्यासाठी ‘परत घ्या’ असं एक बटण केलं, आणि सगळे आपापल्या घरी सुखरूप पोचले. काळजी नसावी.

तुमचा,
तिम्मप्पा

ता. क. एकेचाळीस नव्हे, बेचाळीस वेळा दाबलं. पुट्टस्वामीला वाटतं, ओघात हात पुढे गेला. तुमच्याशी खोटं बोलत नाही, अक्का. नाव नीट वाचून दाबलं.

ता. क. दुसरा. तिचं नाव पुन्हा यादीत घालायला हवं, हे मला कळतं. माझ्याच्याने होत नाही. आई गेल्यावर तिला तुम्ही वाढवलंत, तेव्हा तुम्हीच या. बटण मी दाखवीन, बोट तुम्ही ठेवा. रविवारच्या आत झालं पाहिजे.

ता. क. तिसरा. गुडघे दुखत असतील तर घाई करू नका. सोमवारी आलात तरी चालेल.