गोठ्यातली माझी मुलं

शनिवार, २ मार्च १९७४
म्हैस विकली तेव्हा रडले होते मी. आज त्याच गोठ्यात माणसं आली राहायला! मल्लय्या — तेलुगू मुलखातला, कापडाच्या कारखान्यात लूमवर लागलाय. बायको लच्छम्मा, सातवा महिना. तीन दिवस धामणकर नाक्यावर बोचकी घेऊन बसलेली बिचारी. आमची टेमघरची आळी मात्र मायाळू हां — ठमाबाईनं स्टो दिला, कुणी चटई, कुणी घागर. नात तुळजा म्हणते, "आजी, लिहून ठेव हे." म्हणून लिहिते. वेलांट्या कशाही पडोत!

४ मार्च
आणखी एक बिऱ्हाड. रामसमुझ, बायको, चार पोरं. आजमगढचे. गोठ्यात मधे लुगडं बांधलं, झाल्या दोन खोल्या. पोरं गव्हाणीत झोपतात, बरोब्बर मावतात!

५ मार्च
घर-गोठ्याच्या मालकाचा मुनीम दौलतराव आला. नवीनच हाय. स्वतः गोदामात कापडाच्या गाठींवर झोपतो, आणि मला कायदा! "मालकांच्या जागेत परकं माणूस चालणार न्हाय. नातेवाईक असतील तरच. रविवारी बघायला येतो, न्हायतर गोठा खाली."
लच्छम्माला अशा दिवसांत कुठं घालू?

७ मार्च
तोड निघाली! मल्लय्या, रामसमुझ दोघांना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं, हातात नारळ. मानलेली मुलं! देवापुढं मानलं म्हणजे नातंच की. मला एकच लेक, कमळ. आता साठाव्या वर्षी दोन मुलगे — तेपण मिशीवाले! ठमाबाईनं बारशाच्या घुगऱ्या वाटल्या.

१० मार्च, रविवार
दौलतराव वही घेऊन हजर.
"आजी, हे कोण?"
"मुलगे माझे."
"एक तेलुगूत बोलतो, एक हिंदीत?"
"वडील फार हिंडलेले त्यांचे!" — मी. आमचे हे तर जन्मात वज्रेश्वरीच्या पुढं गेले न्हाईत.
मागून ठमाबाई, "नाक बघा की! डिट्टो बापाचं!"
"यातला थोरला कोण?" त्यानं पेन उघडलं.
आली का पंचाईत! दोघांनाही आपलं वय ठाऊक न्हाय. तोंडातून निघून गेलं, "थोरला यायचाय अजून. गावी हाय."
दौलतराव गव्हाणीतल्या पोरांकडं बघत राहिला. मग वही मिटली. ठमाबाईनं आज पुन्हा घुगऱ्या केलेल्या, त्या मागून घेऊन खाल्ल्या, गेला. वहीत काय लिहिलं, देव जाणे. लच्छम्मानं बोचकं बांधून ठेवलंय.

१३ मार्च
सकाळी दारात दौलतराव. मागं बायको, दोन पोरी, ट्रंक. वाकून पाया पडला.
"आई, थोरला आला."